निर्णयसागरच्या खिळ्यांचा अभ्यास: नोंद दुसरी

प्रबंधाच्या मागच्या नोंदीत फक्त विषय ठरला होता, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी अक्षरं, म्हणजे त्याचे खिळे (धातूचे सुटे टाइप). या वेळी प्रश्न ठरला, आणि माझ्या मते आत्तापर्यंतची खरी प्रगती हीच. विषय जन्मभर पुरतो. प्रश्नाचं उत्तर कुठल्या पानावर शोधायचं, हे मात्र सांगता आलं पाहिजे.

निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांची हकीकत आपल्या मंडळींना तोंडपाठ आहे. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली काम, १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा स्वतःचा कारखाना, १८६९ मध्ये छापखाना, ठसे कोरायला राणोजी रावजी आरू. ही हकीकत मी प्रबंधात चार ओळींत आटोपली आहे. माझा प्रश्न असा: शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापताना, ओळ हाताने लिहिलेली, म्हणून शिरोरेषा सलग. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षराचा ठोकळा वेगळा, म्हणून दोन ठोकळ्यांच्या सांध्यावर ती तुटू शकते. निर्णयसागरच्या पानावर हे सांधे कुठे दिसतात, कुठे मिटतात, आणि डिग्री पद्धतीत वेगळ्या ठोकळ्यावर बसवलेली मात्रा शिरोरेषेला कशी भेटते?

तुलनेसाठी मुंबईचे जुने मुद्रक गणपत कृष्णाजी हाताशी आहेत. त्यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढलं आणि पुढे स्वतः खिळेही तयार केले. एकाच माणसाच्या छापखान्यात दोन्ही तंत्रं सापडावीत, हे अभ्यासाच्या दृष्टीने भाग्यच.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो वर्णन लिहिण्यात, आणि तो सार्थकी लागला. कलाशाखेत आपल्याला बघायला शिकवतात, पण बघितलेलं वाक्यात उतरवायचा सराव फारसा होत नाही. ‘अक्षरं प्रसन्न वाटतात’ हे वाक्य कुणाला तपासता येत नाही. म्हणून एक पान भिंगाखाली धरलं आणि मत न देता फक्त दिसेल ते लिहीत गेलो. ‘कर’ या शब्दात ‘क’ची शिरोरेषा संपते तिथे केसाएवढी पांढरी फट आहे. ‘र’ची शिरोरेषा तिच्यापेक्षा किंचित खाली सुरू होते. अक्षराच्या कडेला शाई दबून गडद किनार आली आहे. पान उलटवलं की बोटाला उठाव लागतो. एवढं लिहून झाल्यावर ‘हे पान खिळ्यांवर छापलेलं आहे’ हे विधान आपोआप उभं राहतं आणि वाचणाराही माझ्याबरोबर त्याच वाटेने तिथे पोहोचतो. आधी वर्णन, मग अर्थ, हा क्रम मी आता प्रत्येक परिच्छेदात पाळतो.

स्कॅनबद्दल सावध राहा. जुन्या पुस्तकांच्या पुष्कळशा पीडीएफ निव्वळ काळ्या-पांढऱ्या असतात, राखाडी छटा नसलेल्या. अशा स्कॅनमध्ये बारीक फट भरून जाते, नाहीतर नसलेली फट उमटते. शिरोरेषेबद्दलचं कुठलंही विधान मी अशा प्रतीवरून करत नाही. पुस्तक शोधायला आणि पान क्रमांक नक्की करायला तिचा उपयोग. अक्षराचा पुरावा मूळ प्रतीतून, नाहीतर मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून काढलेल्या रंगीत फोटोतून. फोटोच्या फाइलला नाव देतानाच छापखाना, साल, पान आणि प्रत कुठली हे घालतो. चित्राखालची ओळ त्यातूनच तयार होते. तिच्यात छायाचित्र किती पट मोठं केलंय तेही लिहायचं, कारण अक्षराचा मूळ आकार कळल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही.

सालाचंही तसंच. मुखपृष्ठावर शके असेल तर ७८ मिळवून मोकळं होता येत नाही. शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. महिना दिलेला नसेल तर मी शके १७९१ (१८६९-७०) असं दोन्ही लिहितो.

वाचनाच्या वहीत आता डावं पान दुसऱ्यांचं, उजवं माझं. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा १९७१चा त्रिखंडात्मक ग्रंथ आणि अ. का. प्रियोळकरांचं भारतातल्या मुद्रणावरचं १९५८चं पुस्तक, दोन्ही डाव्या पानावर, पृष्ठांकासकट. मी डोळ्यांनी पाहिलेलं उजवीकडे. लिहायला बसलं की कुठलं वाक्य कुणाचं, हा घोळ उरत नाही. नाईकांसारख्या माणसाने आयुष्य घालून जमवलेलं आपल्या नावावर जाऊ नये, याची मला मनापासून काळजी वाटते. शिवाय उजवं पान कोरं राहिलं तर त्या भागात माझं स्वतःचं म्हणणं अजून तयार नाही, हेही तिथल्या तिथे दिसतं.

सध्या शिरोरेषेचा भाग लिहून झालाय, मात्रांचा अर्धा. जोडाक्षरांना हात लावलेला नाही. त्यासाठी निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ बघायचे आहेत. ‘काव्यमाला’ मालिकेच्या पानांवर जोडाक्षरांची दाटी आहे, आणि खाली उकार, वर रफार असं एकाच अक्षरावर आलं की खिळे जुळवण्याची कसोटी लागते.

कुणाच्या घरी १९००च्या आधीचं निर्णयसागरचं पुस्तक असेल तर मुखपृष्ठाचा आणि आतल्या कुठल्याही एका पानाचा फोटो पट्टी ठेवून काढा. उजेड बाजूने तिरपा पडू द्या, म्हणजे कागदावरचा दाब दिसेल. बांधणी मोडकळीला आली असेल तर पुस्तक पूर्ण उघडू नका, अर्धं पान आलं तरी मला पुरेल.