पापणी दाखवा

आमच्या मंडळाचा गणपती मिरजेच्या मानाने अगदी साधा. अनंत चतुर्दशीला शहरात मोठमोठ्या स्वागत कमानी लागतात, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आमची मूर्ती हातगाड्यावर मावते. पण सातव्या दिवशीचं हळदीकुंकू आणि नंतरचे बाळगोपाळांचे कार्यक्रम म्हटले की शेजारच्या दोन गल्ल्याही आमच्याच मांडवात.

त्या संध्याकाळी माझी आजी स्टेजकडे पाठ करून बसायची. मला लहानपणी याचा राग यायचा. मी लिंबू-चमच्यात पहिली येतेय आणि ही बघतेय कुठे, तर खुर्च्यांकडे! कुणाचे पाय सुजलेत, कोण जिना चढून आल्यावर धापा टाकतंय, कुणाचं पोर खेळायचं सोडून आईच्या मांडीवर पडलंय. सदतीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई. तिला पहिला नंबर कुणाचा यात काडीचा रस नव्हता.

डॉक्टर वॉनलेसनी १८९४ साली इथे रुग्णालय उभारलं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव. त्यामुळे गल्लीत नर्स असणं काही अप्रूपाचं नव्हतं. तरी ‘सिस्टर’ म्हटलं की आमचीच आजी. आजोबासुद्धा चारचौघांत तिला सिस्टरच म्हणायचे. ते रेल्वेत गार्ड. पुणे-मिरज मार्ग मीटरगेज होता तेव्हापासूनचे. दोघांच्या ड्युट्या उलटसुलट, म्हणून स्वयंपाकघरात खिळ्याला एक पाटी टांगलेली असे. ‘दूध तापवलंय. धाकटीला ताप, १०१. गोळी दिली आहे, परत देऊ नये.’ खाली आजोबांचं उत्तर: ‘बरं सिस्टर.’ त्यांचा निम्मा संसार त्या पाटीवर झाला असं आई म्हणते. विसर्जनाच्या रात्री आजीला हटकून नाइट असायची. आजोबा कमानी बघत बघत डबा पोचवायला जायचे आणि परत येऊन कुठली कमान कशी होती ते पाटीवर लिहून ठेवायचे.

हळदीकुंकवाच्या आदल्या दुपारी प्रसादाच्या पुड्या बांधायचं काम आमच्या घरी. पंचखाद्य परातीत, शेजारी चौकोनी कापलेले कागद. आजी कंपाउंडरसारखी पुडी बांधायची. मधोमध चमचाभर प्रसाद, कागदाच्या दोन कडा एकत्र धरून दोनदा दुमडायच्या, मग दोन्ही टोकं मागे वळवून एक टोक दुसऱ्याच्या खिशात सरकवायचं. दोरा नाही, डिंक नाही, वरून टाकली तरी सुटत नसे. दोन-अडीचशे पुड्या व्हायच्या आणि प्रत्येकीत तेवढंच खोबरं. माझ्या पुड्या ती न बोलता उलगडून पुन्हा बांधायची.

आणि हळदीकुंकू! आजी कुंकू लावायची ते मुळी तपासणीसाठीच. अनामिकेने कपाळावर टिकली, आणि हात खाली येता येता अंगठ्याने खालची पापणी जराशी ओढलेली. आतला भाग लाल आहे की पांढुरका, एवढं बघायला तिला क्षण पुरायचा. पांढुरका दिसला की ओटी भरतानाच, “उद्या हिमोग्लोबिन करून ये. बाराच्या खाली असलं तर मला येऊन सांग. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस.” नव्या सुना बिचकायच्या. जुन्या आपणहून मान वर करून उभ्या राहायच्या.

आजोबा गेले त्या वर्षी मंडळातल्या बायकांची कुजबुज झाली. सिस्टरना बोलवायचं तर कसं, न बोलवायचं तर कसं. बोलवायला कुणीच आलं नाही. आजी ठरल्या वेळी बीपीचं यंत्र घेऊन मांडवात हजर. करंडा भलतीच्याच हातात बघून म्हणाली, “कुंकू तुम्ही लावा. मला पापणी दाखवा.” आणि शेजारी खुर्ची टाकून बसली. दोन वर्षांनी करंडाही तिच्याच हातात आला. कुणी दिला ते आता कुणालाच आठवत नाही. सगळ्याच जणी म्हणतात, मी दिला.

गेल्या माघात आजी गेली. यंदा पुड्या मी आणि आईने बांधल्या. निम्म्या परातीतच सुटल्या, शेवटी स्टेपलर आणला. आजी असती तर टाचणी प्रसादात गेली म्हणून सगळ्या फेकायला लावल्या असत्या.

संध्याकाळी करंडा माझ्याकडे दिला. मी बँकेत नोकरी करते, मला यातलं काय कळतं! मागच्या आळीतल्या एक काकू पुढे आल्या. मी कुंकू लावलं, ओटीचे तांदूळ घ्यायला वळले. त्या हलेचनात. बघते तर मान वर करून, स्वतःच्या बोटाने पापणी खाली ओढून उभ्या.

मी वाकून पाहिलं. मांडवातल्या ट्यूबलाइटमध्ये मला तरी ती फिकीच वाटली.

“उद्या हिमोग्लोबिन करून या,” मी म्हटलं.