व्हिडिओ कॉलवरचे उपचार आणि गुप्ततेची चौकशी

निवृत्तीनंतर झोप पार उडाली, तेव्हा व्हिडिओ कॉलवर मानसोपचार घ्यायला मी तयार झालो. धास्ती हॅकरची नव्हती. पलटणीत बातमी फिरायला वेळ लागत नाही, आणि आता नोकरी सिक्युरिटीतली. ‘सुभेदारसाहेबांचं डोकं ठिकाणावर नाही’ एवढं कुणी म्हटलं तरी पुरे.

सेनादलांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेलिमानस या फोनवरच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा खास कक्ष 2023 साली सुरू झाला आहे. तिथे आपली भाषा कळते. तरी मला फौजेबाहेरचंच कुणी हवं होतं.

डॉक्टर मॅडमनी आधी खरं नाव, वय आणि पत्ता विचारला. टोपणनाव चालणार नव्हतं. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाची ओळख पटावी लागते. मग म्हणाल्या, “आत्ता नेमके कुठे बसला आहात? जवळच्या एखाद्या माणसाचा नंबर द्या.” फौजी माणूस असा ठावठिकाणा सांगत नाही! पण कारण पटलं: कॉल चालू असताना माझं काही बिनसलं, तर मदत पाठवायची कुठे?

मग माझी पाळी. कॉल रेकॉर्ड होतो का? नोंदी कोण वाचतं? तुमच्या खोलीत दुसरं कुणी आहे का? मॅडमनी लॅपटॉप फिरवून खोली दाखवली. नोंदी त्यांना ठेवाव्याच लागतात, रेकॉर्डिंग मात्र त्या करत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 नुसार गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि डिजिटल नोंदींनाही तो लागू होतो. अपवादही त्यांनी लपवले नाहीत. जिवाला धोका असेल, दुसऱ्याला इजा होणार असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर माहिती द्यावी लागते; इजा टाळण्यासाठी दिली, तर त्यापुरतीच. हे आधीच ऐकल्यामुळे मी पुढे मोकळेपणी बोलू शकलो.

नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत मदतीसाठी आपणच नेमलेला माणूस, ठरवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण त्यालाही माहिती देता येते. साध्या कागदावर लिहून आपण सही करायची, आणि त्या माणसानं लेखी संमती द्यायची. मी मुलाऐवजी बहिणीचं नाव दिलं. मुलगा काळजीपोटी चार जणांना विचारत बसला असता.

घरातली गुप्तता जास्त अवघड निघाली. माझा फोन सगळेच हाताळतात. नोटिफिकेशनमधला मजकूर लपवला, प्रिस्क्रिप्शनसाठी वेगळा ईमेल उघडला. इयरफोनमुळे समोरचा आवाज दबतो, आपला नाही. म्हणून कॉलच्या वेळी उभ्या गाडीत काचा लावून बसतो. बायकोला सगळं माहीत आहे. “अहो, चार्जर घेतलात का?” एवढंच विचारते.

पुढे कंपनीनं तब्येतीचा दाखला मागितला. मॅडमनी तपासून मसुदा आधी मला पाठवला. मी ड्युटीसाठी योग्य आहे, इतकंच त्यात होतं. आजाराचं नाव कुठेच नव्हतं. तोच दाखला मी जमा केला.