हळदीचा एकतर्फी कारभार

पांढऱ्या शर्टावर वरण सांडणं ही तशी किरकोळ गोष्ट. खरी गंमत पुढे, मोरीत. पिवळ्या डागावर साबणाची वडी फिरवली की तो फिकट व्हायचं सोडून लाल होतो. धुणारा माणूस घाबरतो आणि आणखी साबण चोळतो, डाग आणखी लाल. मग कंटाळून शर्ट भरपूर पाण्यात खळबळला की स्वारी पुन्हा पिवळी. लिंबाचा थेंब पडला तर तिथल्या तिथे. (डाग घालवायचा असेल तर शर्ट सरळ उन्हात टाकावा. हळदीतल्या कुर्कुमिन या पिवळ्या रंगद्रव्याला ऊन सोसत नाही.)

शाळेत हेच आपण दर्शक म्हणून शिकलो, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारा पदार्थ. साबण आम्लारी, म्हणून हळद लाल. आम्लात निळा लिटमस तांबडा, आम्लारीत तांबडा लिटमस निळा, हे तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. हा लिटमस निघतो दगडफुलाच्या गोतातून. गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्याचं भाऊबंद, जात मात्र निराळी. तरीही प्रयोगशाळेतल्या त्या कडक शिस्तीच्या कागदाचा एक नातेवाईक आपल्या मसाल्याच्या डब्यात बसलाय, हे मला फार आवडतं.

हळदीचं वागणं मात्र लिटमससारखं समतोल नाही. आम्लाला ती भीक घालत नाही. चिंचेचं सार घ्या, लिंबाचं लोणचं घ्या, ती पिवळीच. कढीत तर ती ताकास तूर लागू देत नाही, अगदी शब्दशः. साध्या पाण्यातही पिवळीच. आळीतल्या एकाच घरावर डोळा ठेवून असणाऱ्या काकूंसारखा तिचा कारभार आहे, बाकीच्या घरांत काय चाललंय याची त्यांना फिकीर नाही. हळदीची पट्टी पिवळी राहिली, तर समोर आम्ल आहे की नुसतं पाणी, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. सामू (म्हणजे pH, आम्ल-आम्लारीचं माप, सात म्हणजे मधोमध) सातच्या पुढे आम्लारीकडे सरकून साडेसात-आठच्या घरात गेला, की मग तिला कंठ फुटतो.

दोन्हीकडचं बोलणारा दर्शक हवा असेल तर जास्वंद बरी. तिच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी होतो आणि आम्लारीत हिरवा. रॉबर्ट बॉइलने 1664 मध्ये असाच प्रकार व्हायोलेट फुलांच्या सरबताबद्दल लिहून ठेवलाय. सामूचं मोजमाप आलं ते पुष्कळ नंतर, 1909 मध्ये. सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवलं, म्हणजे चक्क बिअरवाल्यांच्या.

पण स्वयंपाकघराला हळदीचा एकच डोळा पुरतो, कारण तिथे पकडायचा चोर बहुतेक वेळा सोडाच असतो. ढोकळ्याचं पीठ कालवताना सगळं छान पिवळंधमक दिसतं. झाकण काढल्यावर मात्र वर लालसर ठिपके. सोड्याची गुठळी राहिली होती, तिथे तिथे हळदीने खूण करून ठेवलेली असते. हे वाफवल्यावर जास्त दिसतं, त्यालाही कारण आहे. खाण्याचा सोडा मुळात सौम्य आम्लारी. उष्णतेने त्यातला काही भाग धुण्याच्या सोड्यात बदलतो आणि तो चांगलाच जहाल. असा ढोकळा जिभेला साबणासारखा लागतो. पाहुण्यांपुढे ठेवण्याआधी तेवढे ठिपके सुरीने खरवडून टाकणारी माणसं मला माहीत आहेत. नावं सांगत नाही.

पाय मुरगळला की हळद-चुन्याचा लेप लावायची घरोघरी पद्धत होती. वाटीत हळद पिवळी, चुना पांढरा आणि बोटाने कालवलं की काव फासावी तसा लाल लगदा. त्याने घोटा बरा व्हायचा की दोन दिवस घरी बसल्याने, हा वाद मी उकरून काढत नाही. पूर्वी कुंकूही हळदीपासूनच करत, चुना किंवा टाकणखार घालून. म्हणजे हळदीकुंकवाच्या करंड्यातल्या दोन्ही वाट्यांत मूळ जिन्नस एकच. आता बाजारात मिळणारं बरंचसं कुंकू नुसत्या रंगाचं असतं. त्याच्यावर लिंबू पिळून उपयोग नाही.

आणि एवढं आम्लाला न जुमानणाऱ्या हळदीची एका आम्लापुढे मात्र डाळ शिजत नाही. ते म्हणजे बोरिक आम्ल, कॅरम बोर्डवर टाकतात ती पावडर. बोरिक आम्लाच्या द्रावणात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, हळदीचा कागद त्यात बुडवून वाळवायचा, की तो लाल होतो. इथे आम्लारीचा काही संबंध नाही, बोरिक आम्लातला बोरॉनच कुर्कुमिनला जाऊन चिकटतो. खाण्याच्या पदार्थात कोणी बोरिक पावडर मिसळली आहे का, हे याच युक्तीने तपासतात. हा लाल साबणातला की बोरॉनचा, अशी शंका आलीच तर कागदाला अमोनिया लावायचा. बोरॉनचा लाल हिरवट-काळा पडतो. साबणातला लाल तसाच राहतो.