तवंदीचा उतार उतरण्याआधी

बेळगावहून निपाणीकडे जाताना संकेश्वर मागे पडलं की तवंदीचा उतार लागतो. ब्रेक फेल होऊन तिथे गाड्या उलटल्याच्या बातम्या येतच असतात. म्हणून आमच्या जुन्या डिझेल कॅम्पर गाडीच्या ब्रेकचं काम बेळगावच्या उद्यमबागेतच उरकलं. फाउंड्र्या आणि लेथचा भाग, ब्रेकचा ड्रम टर्न करायला, म्हणजे आतून तासून गुळगुळीत करायला, लांब जावं लागत नाही.

कॅम्पर वर्षातला बराच काळ उभाच असतो. लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) झिजत नाहीत, पण रबर आणि ब्रेक ऑइल जागच्या जागी म्हातारं होतं. ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल कोरं असताना निदान २०५ अंशांपर्यंत टिकतं. पावणेचार टक्के पाणी शिरलं की १४० च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ धरते आणि पॅडल थेट तळाला जातं. म्हणून आम्ही त्याहून जास्त तापमान सोसणारं डॉट ४ भरलं.

मागचा डावा ड्रम गंजून बसला होता. हातोडा घालण्याआधी हँडब्रेक सोडायचा, लायनर-ड्रममधलं अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर सैल करायचा. ड्रमला आट्याची भोकं असतील तर त्यात बोल्ट आवळले की तो आपोआप बाहेर येतो. ऑइलच्या दाबाने लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं धूळ अडवणारं रबर उचलून बघा. आत ओलं असेल तर गळती आहे. बोअरमध्ये गंजाचे खड्डे दिसले तर नुसतं नव्या रबरांचं किट टाकण्यात अर्थ नाही, अख्खा सिलिंडर बदला. आणि धुवायला डिझेल नको, ब्रेक ऑइलच वापरा. डिझेलने रबर फुगतं, मग ब्रेक सुटतच नाही. जुना होज पाईपही आतून फुगून हेच करतो. ऑइल लागलेले लायनर घासून वापरू नयेत. दोन्ही बाजूंचे बदलावेत. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, टर्न करताना त्यापुढे जायचं नाही. ड्रम लेथवर चढला की कुंदा आणायला तेवढा वेळ मिळतो.

ब्रेकच्या पाईपांत शिरलेली हवा काढायला एक लिटर ऑइल हाताशी ठेवलं. क्रम पॅडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून लांबून जवळ: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. चाकाजवळच्या हवा सोडायच्या निप्पलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. "दाबून धरा की ओ, निप्पल बंद झाल्याशिवाय सोडू नका!" मिस्त्रींचा खालून आवाज. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. कारण जुन्या मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग एरवी वापरात नसतो, पॅडल तळापर्यंत दाबलं की तिथल्या गंजावर वॉशर घासून फाटतात.

इंजिनाच्या व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची परीक्षा सोपी. इंजिन बंद ठेवून पॅडल कडक होईतो दाबायचं, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पॅडल थोडं खाली गेलं तर व्हॅक्यूम ठीक आहे.

तवंदी तिसऱ्या गियरमध्ये उतरलो. ब्रेक थोडा वेळ, पण ठाम. निपाणीत चहाला थांबल्यावर चारही रिमांजवळ हात धरला. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा जास्त तापलं होतं. जॅक लावून अ‍ॅडजस्टर दोन दाते सैल केला, चाक हाताने मोकळं फिरलं, आणि कोल्हापूरचा रस्ता धरला.