दोन टोपले खापरं

"असले खापरं लई निघतेत इथं, ताई. घराचा पाया खोदला तव्हा दोन टोपले भरून फेकले."

पैठणला पालथी नावाच्या टेकाडाच्या उतारावर मी वाकून एक तुकडा बघत होते, तेव्हा शेळ्या घेऊन चाललेल्या मावशी सहज बोलून पुढे गेल्या.

तुकडा तळहाताएवढा, तांबूस. कडेला बोटाच्या पेराएवढी खळगी. कुणीतरी ओल्या मातीवर अंगठा दाबला असावा. माझा अंगठा त्यात अगदी नीट बसला. किती जुना, मला काय कळणार? पण हात सोडवेना.

हे पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी नोंदीत लिहिलंय, की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि इथून गाड्या भरभरून गोमेदासारखे दगड बंदरावर जातात. गोदेकाठचा माल समुद्रापार! आणि आम्ही शाळेत सातवाहनांना एका परिच्छेदात उरकलं.

बरं, गावाला विचाराल तर पैठण म्हणजे नाथमहाराज, नाथषष्ठी, पैठणी आणि जायकवाडीचं पाणी. त्यात चूक काय? राजे गेले, त्यांच्यानंतर तेराशेक वर्षांनी आलेले एकनाथ मात्र अजून घरचे आहेत.

तुकडा होता तिथेच ठेवला. परतताना एसटीत मात्र सारखं मनात येत होतं, त्या दोन टोपल्यांत काय काय असेल?

तुमच्या घराचा पाया खोदताना काय निघालं होतं?