डेअरीच्या किटलीतले दूध

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या घरी दोन म्हशी आहेत, तरी माझ्या चौदा वर्षांच्या पुतण्याच्या पोटात घरचे दूध जाते ते चहातूनच. पहाटे धार काढली की किटली थेट डेअरीवर जाते. तिथे फॅट लागेल तसा दर मिळतो, म्हणून घरासाठी लिटरभरच मागे ठेवायचे, हा वर्षानुवर्षांचा हिशेब. त्या लिटरात सात माणसांचा दोन वेळचा चहा होतो. पुतण्या चहात खारी बुडवून खातो आणि शाळेला पळतो.

शाळेत त्याला क्षीरभाग्य योजनेतील 150 मिलिलिटर दूध मिळते. कर्नाटक शासनाने 1 ऑगस्ट 2013 रोजी सुरू केलेली ही योजना दूध पावडरीवर चालते. "काका, आपल्या म्हशीचं दूध डेअरीला नि मला पावडरीचं, हा कुठला न्याय?" असे त्याने परवा विचारले तेव्हा मला हसू आले, पण उत्तर सुचले नाही.

पावडरीत वाईट काही नाही, कॅल्शियम त्यातही असतेच. मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार 13 ते 15 वर्षांच्या मुलांना रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, आणि शाळेच्या पेल्यातून त्यातले पावणेदोनशेच्या आसपास मिळते. उरलेले घरच्या ताटातूनच यायला हवे.

दूध पिणाऱ्या मुलांचा एकूण आहार बरा असतो, असे अनेकदा वाचनात येते, पण त्याचे सगळे श्रेय मी दुधाला देणार नाही. ज्या घरात मुलाला पेला भरून दूध देण्याइतकी सवड आणि ऐपत असते, त्या घरात बहुधा सकाळची न्याहारी, भाजी आणि फळेही असतात. शिवाय दुधात लोह जवळजवळ नसते. लहान मूल दुधावरच पोट भरू लागले तर भाकरी-आमटीची भूक मरते आणि रक्त कमी होते. जेवणाबरोबरचा चहा तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. चॉकलेटची पावडर आणि तीन चमचे साखर घातलेला पेला मला दुधापेक्षा मिठाईच्या जवळचा वाटतो, आणि आपली बेळगावी मिठाई, कुंदाही दुधाचाच असला तरी त्याला कोणी आहार म्हणत नाही.

म्हणून मी वहिनींना एवढेच सुचवले की खारीऐवजी नाचण्याची भाकरी आणि वाटीभर दही द्यावे, कारण नाचण्यातही कॅल्शियम भरपूर असते. ताकाचे तिने विचारले. पण आमच्याकडचे ताक इतके पातळ की त्यावर मी भिस्त ठेवली नाही.

आता किटलीचे झाकण लावण्याआधी वहिनी एक तांब्या बाजूला काढते. आईला ते अजून पटलेले नाही. बिलाच्या दिवशी ती चिठ्ठी दोनदा वाचून बघते.