धर्माचा रकाना

आषाढी एकादशीच्या पहाटे लालबागहून वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे चालत निघालो. ज्यांना पंढरपूरला जायला रजा मिळत नाही, त्यांचं हे प्रतिपंढरपूर. दिंडी म्हणजे आमच्या चाळीतली वीस-पंचवीस माणसं, एक मृदंग, एक वीणा आणि आत्याच्या डोक्यावर तुळस.

आदल्या रात्री मुलीचा अकरावीचा अर्ज भरला होता. त्यात ‘धर्म’ असा रकाना. ती विचारत बसली, “बाबा, धर्म म्हणजे रिलिजनच ना?” ‘धृ’ म्हणजे धरणे, त्यावरून धर्म, एवढं शाळेतलं आठवत होतं. पण झोप आली होती. ‘हो’ म्हणून मोकळा झालो.

हिंदमाताला पोटरीभर पाणी. (आमची चंद्रभागा इथेच लागते.) एका दुकानदाराने सगळ्यांना चहा पाजला, पैसे घेईना. “असू दे रे, धर्म करतोय तो,” आत्या म्हणाली. धर्म करतोय! दानधर्म, शेजारधर्म, धर्मशाळा. दारात कुणी “धर्म कर, माय” म्हणालं तर आपण त्याच्या हातावर काहीतरी ठेवतो, जात-पंथ सांगत बसत नाही. अर्जात धर्म असतो, रस्त्यावर तो करतात.

“आत्या, आपला धर्म कोणता गं?”

“आपल्या घरात वारी आहे.”

वारी म्हणजे फेरी, नेमाने जाणं-येणं. तिच्या उत्तरात देवाचं नावसुद्धा नव्हतं. तुकोबा ‘वैष्णवांचा धर्म’ म्हणतात तोही जग विष्णुमय बघण्याला. ते रकान्यात कसं मावणार? आता हीच आत्या जनगणनेला ‘हिंदू’ लिहायला सांगते आणि माझ्या मुलीला स्थळ जातीतलंच हवं म्हणते, हेही लपवत नाही.

दादर टीटीच्या पुढे वीणा माझ्याकडे आली. वीणा खाली टेकवायची नसते. देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. देणारे सत्तरीतले, गिरणीत उमेद गेलेले. मी वाकायच्या आत तेच माझ्या पायाशी वाकले, “माऊली” म्हणाले. मला कुठे बघावं कळेना. पुढची दहा मिनिटं तोंडातून अभंग फुटला नाही.

वडाळ्याला रांग दूरवर गेलेली. आत्याने मान उंचावून कळस पाहिला, हात जोडले. “झाली वारी.”

“आणि रांग?”

“तू थांब. मी साबुदाणा भिजत घालून आलेय.”